जुनी उघडी जीप आणि सम्यक आजीविका

(विहाराच्या वर्धापनदिनी विहार समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की आपण बहुधा धम्मचळवळीचा इतिहास, शिक्षण, व्यसनमुक्ती अशा विषयांवर बोलतो, आणि ते बोललेच पाहिजे. परंतु यंदा समितीने जमाखर्च वाचून दाखवला तेव्हा एका नोंदीवर बरीच चर्चा झाली. ‘जुन्या जीपची विक्री’ अशी ती नोंद आहे. रक्कम अनेकांच्या अपेक्षेपेक्षा कमी आहे. “जास्त पैसे देनारं गिऱ्हाईक दारात आलं होतं, त त्याले समितीनं वापस काऊन पाठवलं?” असे काहींनी आम्हाला तोंडावर विचारले. प्रश्न रास्त आहे. दानाचा पैसा आहे आणि त्याचा हिशेब मागण्याचा हक्क प्रत्येक दात्याला आहे. म्हणून आज त्या जीपबद्दलच बोलायचे आम्ही ठरवले. एका गाडीच्या निमित्ताने आपल्या रोजच्या देण्याघेण्यात धम्म कुठे बसतो, हेही पाहता येईल.

आपल्यापैकी बहुतेकांनी ती जीप पाहिलेली आहे. वस्तीतील एका उपासक कुटुंबाच्या कोठ्यात, तणसाच्या ढिगाआड ती कित्येक वर्षे उभी होती. घरातल्या आजोबांनी ती एका सरकारी लिलावात घेतली होती. तिच्यावर धानाची पोती गेली, बाजार गेला, बाळंतपणाला अडलेल्या बायका दवाखान्यात गेल्या. पुढे आजोबा गेले, मुले कामधंद्यासाठी बाहेरगावी स्थिरावली आणि गाडी जागच्या जागी बसली. हुडाचे कापड उंदरांनी खाल्ले, नुसत्या लोखंडी कमानी उरल्या. समोरची काच फुटकी, चारही टायर जमिनीला टेकलेले. कुटुंबाने ठराव करून ती गाडी विहाराच्या अभ्यासिकेसाठी दान केली. गाडी विकावी आणि आलेल्या पैशांतून मुलांसाठी टेबल, कपाटे, पंखे घ्यावेत, अशी त्यांची इच्छा होती.

मोठ्या शहरांत हौशी लोकांचा एक वर्ग आहे. छप्पर काढता-घालता येणाऱ्या जुन्या गाडीला ते कन्व्हर्टिबल म्हणतात. राजेरजवाड्यांच्या तशा गाड्या आता संग्रहालयांत आणि धनिकांच्या बंगल्यांत आहेत. आपल्याकडे उघडी गाडी म्हणजे कापडी हुडाची जीप. सरकारी खात्यांत, खाणींच्या कामावर, जंगलात ती धावली आणि लिलावातून शेतकऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या दारात आली. हौशी लोक अशी न दुरुस्त केलेली गाडी मुद्दाम शोधतात, घरी नेतात आणि वर्ष-दोन वर्षे खपून तिला मूळ रूपात आणतात. ती चालू नसली तरी त्यांना चालते. तिच्यात काय आहे आणि काय नाही, हे त्यांना नेमके कळले म्हणजे झाले.

समितीच्या बैठकीत तीन मते आली. पहिले मत असे की भंगारवाल्याला बोलवा, वजनावर द्या, झंझट नको. दुसरे मत असे की थोडी पुट्टी मारू, लष्करी हिरवा रंग देऊ, ‘दुसऱ्या महायुद्धातली अस्सल जीप’ म्हणून विकू, दुप्पट पैसे येतील. तिसरे मत असे की आहे तशी विकू, पण आधी ती काय आहे हे नीट पाहू. हे तिन्ही बोलणारे विहाराचे हितचिंतकच होते आणि कोणालाही त्यातून स्वतःचा फायदा करून घ्यायचा नव्हता. लबाडीचा प्रश्न चांगल्या कामाच्या निमित्तानेच जास्त अवघड होतो. स्वतःच्या खिशासाठी खोटे बोलायला माणूस कचरतो, पण संस्थेच्या भल्यासाठी म्हटले की जीभ सैल सुटते.

आम्ही तिसरा मार्ग घेतला. आपल्या वस्तीतले एक जुने मिस्त्री काका, ज्यांचे आयुष्य गॅरेजमध्ये गेले, त्यांना विनंती केली. त्यांनी दोन दिवस गाडी पाहिली. पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती इंजिनबद्दल. “पोट्टेहो, हे इंजिन जबरदस्तीनं चालू करू नोका.” वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे पिस्टन आत धरलेले असतात. धक्का मारून किंवा बॅटरी लावून ती एकदम सुरू करायला गेले की आत मोडतोड होते. टाकीतले जुने इंधन घट्ट होऊन नळ्या बुजवते. ब्रेकचे रबर कडक झालेले असते, म्हणून इंजिन चालू झाले तरी गाडी थांबेल याचा भरवसा नाही. हे सारे घेणाऱ्याला सांगावे आणि त्यालाच त्याच्या पद्धतीने उघडू द्यावे, असा त्यांचा सल्ला होता.

दुसरी गोष्ट गाडीच्या जन्माबद्दल होती. घरात सगळे तिला ‘युद्धातली जीप’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. त्या गाड्यांचे स्टिअरिंग डाव्या बाजूला असे. जाणकार माणूस रेडिएटरखालची आडवी पट्टी पाहून दोन्हींतला फरक ओळखतो. ती गोल नळीची असेल तर विलीज आणि उलट्या खोक्यासारखी असेल तर फोर्ड. फोर्डने तर आपल्या सुट्या भागांवर, नटबोल्टांवरसुद्धा ‘एफ’ हे अक्षर उमटवले होते. युद्धानंतर, १९४९ पासून, महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे आली ती उंच बॉनेटची जीप. तिच्या इंजिनाची उंची वाढल्यामुळे बॉनेटही उंच करावे लागले होते. आपल्या गाडीचे स्टिअरिंग उजवीकडे, बॉनेट उंच आणि आर.सी. बुकात साल १९६२. म्हणजे गाडी जुनी खरी, पण युद्धातली नव्हे. काकांनी हे सांगितले तेव्हा त्या घरातल्या आजीबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “नसन त नसो. खरं तेच सांगा.” त्या एका वाक्याने आमचे निम्मे काम सोपे झाले.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. मूळचे पेट्रोल इंजिन कधीतरी काढून तिथे डिझेल इंजिन बसवलेले होते. खेड्यापाड्यांत ही जुनी रीत आहे, कारण पेट्रोल परवडत नव्हते. पण त्यामुळे इंजिनाचा नंबर आर.सी. बुकातल्या नंबराशी जुळत नव्हता. शिवाय मागच्या स्प्रिंगच्या टेकणाजवळ चासीला तडा गेला होता आणि त्यावर वेल्डिंग केले होते. वरचा चिखल खरवडल्यावरच ते दिसले. पायाखालचा पत्रा दोन ठिकाणी गंजून आरपार झाला होता. पुट्टी आणि रंग मारला असता तर यातले काहीच कोणाला दिसले नसते.

आता यात धम्म काय सांगतो?

सम्यक वाचा आणि सम्यक आजीविका ही दोन्ही आर्य अष्टांगिक मार्गाची अंगे आहेत. भगवंतांनी उपासकांना पाच व्यापार करू नका असे सांगितले, हे आपण सर्व जाणतो. शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. जुन्या गाडीचा व्यापार त्या यादीत नाही. पण तेवढ्याने आपण सुटत नाही. दीघनिकायात आणखी तीन शब्द येतात. तुलाकूट, मानकूट आणि कंसकूट. तुलाकूट म्हणजे खोटा तराजू, मानकूट म्हणजे खोटे माप. कंसकूटाचा अर्थ अट्ठकथेत मोठा मार्मिक दिला आहे. साध्या धातूच्या भांड्यावर सोन्याचा मुलामा चढवायचा आणि सोन्याचे म्हणून विकायचे, ते कंसकूट. आपला भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला. भांड्यांचा मुलामा, कल्हई आणि मोड आपल्याला कोणी शिकवायला नको. तड्यावर मारलेली पुट्टी आणि पितळेवर चढवलेला मुलामा यांत फरक काय?

याच विषयावर जातकांत एक गोष्ट आहे, सेरिवाणिज जातक. दोन फेरीवाले एका नगरात फिरत होते. एका पडक्या घरात एक म्हातारी आणि तिची नात राहत होती. एकेकाळी ते श्रीमंत शेटजींचे घर होते, आता दोघी मोलमजुरी करत. घरातल्या जुन्या भांड्यांत एक थाळी काळी पडून होती. ती सोन्याची होती हे दोघींना ठाऊक नव्हते. नातीला एक दागिना हवा होता, म्हणून आजीने थाळी पहिल्या फेरीवाल्याला दाखवली. त्याने सुईने पाठीमागे रेघ ओढली, सोने ओळखले आणि म्हणाला, ही अर्ध्या माशाचीसुद्धा नाही. थाळी जमिनीवर टाकून तो निघून गेला. मागाहून येऊन फुकटात नेऊ, असा त्याचा बेत होता. मग दुसरा आला. त्याने पाहिले आणि सरळ सांगितले की, माय, ही थाळी लाखाची आहे, माझ्याजवळ एवढे धन नाही. त्या दोघींनी, तुझ्यामुळेच हे कळले, तू देशील ते दे, असे म्हटले. त्याने जवळची पाचशे नाणी आणि पाचशेचा माल दिला, नावेच्या भाड्यापुरती आठ नाणी, तराजू आणि थैली तेवढी ठेवून घेतली.

ही गोष्ट सांगताना आपण नेहमी घेणाऱ्याच्या लोभावर थांबतो. पण तिच्यात एक दुसरा धडाही आहे. काळ्या पडलेल्या थाळीचे मोल एकालाच कळत होते. ज्याला कळते त्याच्यावर सांगण्याची जबाबदारी येते. त्या गोष्टीत माहिती घेणाऱ्याजवळ होती, आपल्या जीपच्या बाबतीत ती विकणाऱ्याजवळ, म्हणजे समितीजवळ होती. तडा कुठे आहे हे आम्हाला कळले त्या दिवसापासून ते सांगणे आमच्यावर आले. आणि भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकावी, हे पहिले मत आम्ही का स्वीकारले नाही, त्याचेही उत्तर इथेच आहे. त्या आजीबाईंच्या दानाचे मोल न तपासता मोडीच्या भावात देणे हा दात्यावर अन्याय झाला असता.

कायद्याचे दोन शब्द इथे सांगतो, कारण वस्तीतल्या प्रत्येक घरी कधी ना कधी जुनी मोटारसायकल, ऑटो, ट्रॅक्टर विकायची वेळ येते. १९३० च्या माल विक्री कायद्यात साधारण नियम असा आहे की घेणाऱ्याने स्वतः पाहून घ्यावे. पण १८७२ च्या करार कायद्यात कपटाची व्याख्या आहे आणि माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवणे हे त्यात कपट ठरते. कायद्यात नुसते गप्प राहणे दर वेळी कपट ठरत नाही, मात्र तडा लपवायला पुट्टी मारणे ठरू शकते. कायद्याची हद्द इथवर आहे. शील त्याच्या पुढे जाते. ज्याला त्या गप्प राहण्याने इजा होणार आहे, त्याच्यासमोर जाणूनबुजून गप्प राहणे हेही चौथ्या शीलात बसत नाही, असे आम्हाला वाटते.

दुसरा कायदा १९८८ चा मोटार वाहन कायदा. गाडी विकली की राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांच्या आत विकणाऱ्याने आर.टी.ओ.ला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत नाव लावून घ्यायचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० हे अर्ज आहेत. गाडी मयत माणसाच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करावी लागते, त्याचा नमुना ३१. आपल्याकडे निम्म्या जुन्या गाड्या आजोबांच्या नावावरच उभ्या असतात! ‘करू पुढे कधी’ असे म्हणून कोऱ्या अर्जावर सह्या करून देण्याची वाईट सवय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच मालक मानला जाईल आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येईल. म्हणजे गाडी दुसऱ्याकडे, अपघात तिसऱ्याचा आणि नोटीस आपल्या घरी. आम्ही म्हणूनच आधी त्या कुटुंबाकडून वारसाची नोंद पूर्ण करून घेतली. त्यात चार महिने गेले. उशीर का झाला, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर.

तिसरी बाब २०२१ ची. त्या वर्षी केंद्र सरकारने जुन्या वारसा गाड्यांसाठी, म्हणजे व्हिंटेज वाहनांसाठी, वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. अशा गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. पण दोन अटी महत्त्वाच्या. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर चालवता येत नाही. आपल्या जीपचे वय बसत होते, पण इंजिन बदललेले होते. म्हणून ‘हिची व्हिंटेज नोंदणी होऊन जाईल’ असे आम्ही कोणालाही म्हणू शकत नव्हतो. मूळ प्रकारचे इंजिन मिळवून, गाडी पूर्वरूपात आणून ती नोंदणी मागणे हे घेणाऱ्याचे काम आणि त्याचीच जोखीम.

आता त्या गिऱ्हाइकाबद्दल. जवळच्याच गावचा एक होतकरू तरुण आला. लग्नाच्या वरातीला उघडी जीप सजवून भाड्याने देण्याचा त्याचा विचार होता. हल्ली नवरदेव-नवरी उघड्या जीपमध्ये उभे राहून येतात, ते आपण पाहतोच. त्याने कर्जाची तजवीज केली होती आणि सांगितलेली रक्कम चांगली होती. “काका, पंधरा दिवसांत रोडवर आणतो,” असे तो उत्साहाने म्हणाला. आम्ही त्याला तडा दाखवला. नंबर जुळत नाही ते दाखवले. नोंदणीची मुदत संपलेली आहे हे दाखवले. भाड्याने चालवायची तर परवाना, विमा, योग्यता प्रमाणपत्र सारे लागेल आणि या अवस्थेत ते मिळणे अवघड आहे, हे सांगितले. शिवाय वरातीच्या जीपवर दहा पोरे चढतात. वेल्डिंग केलेली चासी त्या वजनाखाली भर रस्त्यात तुटली तर काय होईल, याचा विचार कर बाबा, असेही म्हटले. तो बराच वेळ गाडीजवळ उभा राहिला. जाताना एवढेच म्हणाला, “तुमी सांगतलं नसतं त मी घेतलीच असती.”

बंधू-भगिनींनो, तुम्ही विचारता ते गिऱ्हाईक हेच. त्याला आम्ही हाकलले नाही. त्याला जे माहीत असायला हवे होते ते सांगितले आणि त्याचा निर्णय त्याने घेतला. त्याच्या जागी आपल्या घरातला मुलगा असता, बचत गटाचे कर्ज काढून आलेला, तर आपण काय अपेक्षा केली असती?

नंतर नागपूरचे एक हौशी गृहस्थ आले. त्यांना गाडी चालवायची घाई नव्हती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा की, हिला रंग तर दिला नाही ना? मूळ रंगाचे थर, जुने नट, पत्र्याच्या मूळ कडा त्यांना हव्या होत्या. नवा रंग दिलेली गाडी पाहिली की त्याखाली काय लपवले आहे, असाच संशय अशा लोकांना येतो. म्हणजे रंग आणि पुट्टीचा खर्च वाया गेला असता आणि वरून विश्वासही गेला असता. त्यांनी तडा पाहून किंमत कमी सांगितली आणि ती रास्त होती. तरुणाने सांगितलेल्या रकमेपेक्षा ती कमी भरली. अभ्यासिकेचे दोन पंखे आणि एक कपाट यंदा घेता आले नाही, ते त्यामुळे. जमाखर्चातली ती तूट आम्ही लपवत नाही.

विक्रीच्या वेळी आम्ही एक कागद केला आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. त्यात काय लिहिले ते सांगतो, कारण कोणालाही जुने वाहन विकताना ते उपयोगी पडेल. गाडी चालू स्थितीत नाही आणि आहे त्या अवस्थेत विकली जात आहे. चासीचा नंबर हा, आर.सी. बुकाशी जुळतो. इंजिन बदललेले आहे, त्यावरचा नंबर हा, आर.सी. बुकाशी जुळत नाही. चासीला अमुक ठिकाणी तडा असून तो वेल्डिंग केलेला आहे. पत्रा गंजलेला आहे. हुडाचे कापड नाही, कमानी आहेत. गाडी युद्धकाळातली नाही, आर.सी. बुकातले साल १९६२ आहे. व्हिंटेज नोंदणीची हमी समिती देत नाही. सोबत दिलेले सुटे भाग हे एवढे. कोठ्यातल्या डब्यांत, पोत्यांत, माळ्यावर जे जे सापडले, जुना दिवा, दोन बिजागऱ्या, स्पीडोमीटर, ते सगळे आम्ही एका पेटीत भरून दिले. आपल्याला कचरा वाटणारा तुकडा दुरुस्ती करणाऱ्याला वर्षभर शोधून सापडत नाही. गाडी उचलायच्या दिवशीच नमुन्यांवर तारीख घालून, पूर्ण भरून सह्या केल्या आणि प्रती ठेवल्या. त्या विहाराच्या फाईलमध्ये आहेत, कोणीही पाहू शकतो.

व्यवहार असा उघड लिहून ठेवणे ही आपल्या परंपरेतली जुनी गोष्ट आहे. आपल्याच जिल्ह्यात पवनीला १९६९-७० मध्ये उत्खनन झाले आणि स्तूपाचे अवशेष मिळाले. तिथल्या दगडांवर दान देणाऱ्यांचे लेख आहेत. नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने भिक्खूसंघासाठी तीन हजार कार्षापणे विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण असे व्याज ठरले, हे दगडात कोरले आहे. तो व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवल्याचेही त्यात लिहिले आहे. संघाच्या नावाचा पैसा कुठे ठेवला, किती दराने ठेवला, हे लेण्यात येणाऱ्या प्रत्येकाला वाचता येत होते. आपला ठरावाचा रजिस्टर आणि तो सह्यांचा कागद याच रीतीतले आहेत.

शेवटी एक आठवण, भंडाऱ्याचीच. १९५४ साली परमपूज्य बाबासाहेब इथल्या पोटनिवडणुकीला राखीव जागेसाठी उभे होते. मतदारसंघ दोन जागांचा होता, प्रत्येकाला दोन मते होती. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, बाबासाहेब पराभूत झाले. त्या वेळची एक गोष्ट जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत. आपल्या मतदारांनी दुसरे मत कोणालाच देऊ नये, ते कुजवावे, म्हणजे बाबासाहेबांचा विजय सोपा होईल, असे काहींनी सुचवले होते. बाबासाहेबांनी ते मानले नाही. ज्याने संविधान घडवले त्यानेच मत वाया घालवायला सांगावे, हे त्यांना पटणारे नव्हते, मग पराभव झाला तरी चालेल. एवढ्या मोठ्या माणसाने एवढी मोठी जागा गमावली, त्यापुढे आपले दोन पंखे आणि एक कपाट ते काय! १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपल्या आजा-पणज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांत चोरी न करण्याची आणि खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. ती नुसती विहारात म्हणायची नाही. धान विकताना, दूध मोजताना, गाडीचा सौदा करताना ती पाळायची आहे.

समितीच्या वतीने दोन विनंत्या आहेत. पहिली, कोणाच्या घरी मयत माणसाच्या नावावरचे वाहन उभे असेल तर या महिन्यात कागद काढा. अर्ज भरायला आपली शिकलेली मुले दर रविवारी वंदनेनंतर विहारात बसतील. दुसरी, पंखे आणि कपाटाची तूट भरायची आहे. ज्याला जेवढे जमेल तेवढे द्यावे, नाव आणि रक्कम रजिस्टरमध्ये लिहून घ्यावी. मिस्त्री काकांनी दोन दिवसांची मजुरी घेतली नाही. ती त्यांची देणगी म्हणून आम्ही पहिल्या ओळीत लिहिली आहे. दुसरी ओळ मोकळी आहे.



नमो बुद्धाय. जयभीम.